वेदनेच्या काळातील ममता

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघरी गेल्यावर, किंवा एखाद्या घरी मृत्यू झाल्यानंतर सांत्वनासाठी गेल्यावर, आम्हा धर्मगुरूंना एक प्रश्न वारंवार ऐकावयास मिळतो. ‘फादर, माझेच मला निभत नाही, मी दुसऱ्यांचे काय पाहू?’ हा प्रश्न तक्रारीचा नसतो. तो बहुधा अपराधी भावनेतून आलेला असतो. डायलिसिसवर असलेल्या गृहस्थाला आपण बायकोवर उगाच खेकसतो याची खंत असते. तरुण मुलगा गमावलेल्या आईला शेजारणीच्या मुलाच्या लग्नाला जाववत नाही आणि त्याचेही तिला वाईट वाटते. ख्रिस्ती माणसाने सर्वांशी प्रेमाने वागावे ही शिकवण लहानपणापासून कानांवर पडलेली असते. पण स्वतःच्या अंगाची लाही होत असताना ती कशी पाळावी, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात क्वचितच कोणी समजावून सांगितलेले असते. म्हणून या लेखात आपण त्याचा थोडा विस्ताराने विचार करू या.

प्रथम शब्दाविषयी. संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पवित्र आत्म्याच्या फळांची नावे दिली आहेत. त्यांतील ज्या ग्रीक शब्दाचा अर्थ दयाळूपणा, मायाळूपणा असा होतो, त्याला आपल्या प्रचलित मराठी बायबलमध्ये ‘ममता’ हा सुंदर शब्द योजलेला आहे. त्या यादीत ममतेच्या अगदी आधी सहनशीलता येते. करिंथकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातही प्रीतीचे वर्णन करताना पौल सहनशीलता व दयाळूपणा यांना एकापाठोपाठ ठेवतो. सोसणे आणि दुसऱ्याशी मायेने वागणे या दोन गोष्टी त्याच्या मनात जुळ्या भावंडांसारख्या वावरत असाव्यात. (जाता जाता सांगावेसे वाटते, की ग्रीक भाषेत ‘ख्रेस्तोस’ म्हणजे दयाळू आणि ‘ख्रिस्तोस’ म्हणजे अभिषिक्त. या दोन शब्दांच्या उच्चारांत रोमन लोकांची गल्लत होत असे. आमच्या नावाचा चुकीचा उच्चार केलात तरी त्यातून दयाळूपणाच ध्वनित होतो, अशा अर्थाचा युक्तिवाद दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तर्तुलियन या लेखकाने केला होता.)

वेदना माणसाला स्वतःत कोंडून घेते, हे मान्य केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. दाढ दुखत असताना सगळे जग त्या एका दाढेएवढे होते. पुत्रशोकात असलेल्या माणसाला दुसऱ्याचे हसणे खुपते. हे पाप नव्हे, ही शरीराची व मनाची रचना आहे. दुखऱ्या अवयवाकडे सगळे लक्ष खेचले जाते, म्हणूनच माणूस त्याची काळजी घेतो. प्रभू येशूनेदेखील गेथशेमाने बागेत आपले दुःख लपविले नाही. जागे राहा, माझ्यासोबत राहा, असे त्याने आपल्या तीन शिष्यांना विनविले. तेव्हा वेदनेत असलेल्याने आधी कुणाचा आधार मागितला, तर तो ख्रिस्ताच्याच मार्गावर आहे. प्रश्न एवढाच, की त्या कोंडवाड्याला एखादी खिडकी राहते का?

याचे सर्वांत बोलके उत्तर आम्हांला प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात सापडते. पौल व सीला हे मासेदोनियातील फिलिप्पै या नगरात सुवार्ता सांगत होते. तेथे एका दासीच्या अंगात भविष्य सांगणारा आत्मा होता व तिच्या मालकांना त्यावर चांगली कमाई होत असे. पौलाने तिला मुक्त केले आणि मालकांची कमाई बुडाली. त्यांनी दोघांना फरफटत चौकात नेले. चौकशी न करताच अधिकाऱ्यांनी त्यांचे कपडे उतरवून त्यांना छड्यांनी झोडपण्याचा हुकूम दिला. पुष्कळ फटके मारून झाल्यावर त्यांना तुरुंगाच्या अगदी आतल्या कोठडीत टाकण्यात आले आणि त्यांचे पाय खोड्यात अडकविण्यात आले. त्या रात्री त्यांच्या पाठी कशा झाल्या असतील याची कल्पना करावी. पाय खोड्यात असल्यामुळे धड कुशीवरही वळता येत नव्हते.

मध्यरात्री ते प्रार्थना करीत व स्तोत्रे गात होते. त्यावर अनेक प्रवचने झालेली आहेत. आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. भूकंप झाला, दारे उघडली, सर्वांची बंधने सुटली. तुरुंगाचा अधिकारी झोपेतून दचकून उठला आणि दारे सताड उघडी पाहून कैदी पळाले असे समजून त्याने आत्महत्येसाठी तलवार उपसली. कैदी निसटल्यास पहारेकऱ्याला ते जिवानिशी भोगावे लागे. याच पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात पेत्र तुरुंगातून सुटल्यावर हेरोदाने पहारेकऱ्यांना देहदंड दिल्याचा उल्लेख आहे. त्या क्षणी पौलापुढे दोन वाटा होत्या. दार उघडे होते, शत्रू स्वतःच्याच हाताने संपत होता, आणि ‘हा तर देवाचाच न्याय’ असे म्हणायलाही वाव होता. पण अंधारातून पौलाने मोठ्याने ओरडून सांगितले, की स्वतःला इजा करून घेऊ नकोस, आम्ही सर्व जण येथेच आहोत.

त्या रात्री त्या मनुष्याने दिवे मागविले, तो आत धावत आला आणि त्याच घटकेला त्याने दोघांच्या जखमा धुतल्या. कृत्यांचा लेखक हा क्रम जपून सांगतो. आधी त्याने त्यांच्या जखमा धुतल्या, मग त्याला व त्याच्या घरच्यांना बाप्तिस्मा मिळाला, मग त्याने त्यांना घरी नेऊन जेवू घातले. काही तासांपूर्वी ज्याने त्यांना खोड्यात अडकविले होते, त्याच्याच हातांनी त्यांच्या पाठीवरचे रक्त पुसले गेले. पौलाच्या त्या एका आरोळीला किती बळ लागले असेल? ना पैसा, ना प्रकृती, ना मोकळा वेळ. थोडेसे शब्दच होते, परंतु ते नेमक्या वेळी उच्चारले गेले.

हा प्रसंग वाचताना त्याचा शेवट सोडून देण्याची चूक प्रवचनांत अनेकदा होते. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठविला, की त्या माणसांना सोडून द्या. पौल मुकाट्याने निघाला नाही. आम्ही रोमन नागरिक आहोत, चौकशी न करता आम्हांला चारचौघांत मारले, आणि आता गुपचूप घालवून देता काय? त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे त्याने ठणकावून सांगितले. अधिकारी घाबरून आले व त्यांनी विनवणी केली. म्हणजे रात्री तुरुंगाधिकाऱ्यावर दया करणारा पौलच सकाळी अन्यायाचा जाब विचारतो. ममता आणि न्यायाची मागणी यांत त्याला विसंगती दिसली नाही.

हे आवर्जून सांगण्याचे कारण आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या एखाद्या भगिनीला ‘सोस, तू ख्रिस्ती आहेस, प्रेमाने वाग’ असा उपदेश कधी नातलगांकडून, कधी खेदाने म्हणावे लागते की चर्चच्या आवारातही केला जातो. हा शुभवर्तमानाचा उपदेश नव्हे. मारणाऱ्याचे मन राखणे म्हणजे ख्रिस्ती दया, असे पौलाला कोणी सांगितले असते तर त्याने ते मानले नसते. तिला आधी सुरक्षित जागा हवी, मग कायद्याचे साहाय्य. क्षमेचा प्रश्न तिच्यापुढे देव योग्य वेळी आणील.

फिलिप्पै मासेदोनियात होते, हे आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. काही वर्षांनी यरुशलेमेच्या गरीब श्रद्धावंतांसाठी पौल वर्गणी गोळा करीत असता त्याने करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात मासेदोनियातील ख्रिस्तमंडळ्यांचे उदाहरण दिले. त्या मंडळ्या मोठ्या संकटात होत्या आणि कमालीच्या गरीब होत्या, तरी त्यांनी ऐपतीपेक्षा अधिक दिले. या सेवेत आम्हांलाही सहभागी करून घ्या म्हणून त्यांनीच पौलाची विनवणी केली. करिंथ हे व्यापारी, सधन शहर होते आणि तेथील वर्गणी रेंगाळली होती! आपल्या धर्मग्रामांतील कोणताही खजिनदार हे वाचून मनातल्या मनात हसेल. मदतनिधीच्या पेटीत कोणाचे पाकीट कसे येते, हे त्याला ठाऊक असते. ज्याने उपास काढले आहेत त्याला उपाशी माणूस ओळखायला वेळ लागत नाही. याच पत्राच्या पहिल्या अध्यायात पौलाने सांत्वनाचा जो विचार मांडला आहे त्याचे मूळ येथे आहे. देव आपले सांत्वन करतो ते आपल्यापाशी साठून राहावे म्हणून नव्हे. आपल्याला मिळालेल्या सांत्वनाने आपण दुसऱ्याचे सांत्वन करू शकावे म्हणून.

प्रभूच्या दुःखसहनाकडे या दृष्टीने पाहिले तर ते दीर्घ दयाकृत्य दिसू लागते. अटक होत असताना तो मल्ख नावाच्या दासाचा कापलेला कान बरा करतो. क्रूस वाहताना रडणाऱ्या स्त्रियांकडे वळून तो त्यांच्या व त्यांच्या मुलांच्या भवितव्याविषयी बोलतो. खिळणाऱ्यांसाठी क्षमा मागतो, शेजारच्या गुन्हेगाराला सुखलोकाचे आश्वासन देतो, आईला शिष्याच्या आणि शिष्याला आईच्या स्वाधीन करतो. यांतील एकाही कृत्याला हात मोकळे असण्याची गरज नव्हती. कानाचा प्रसंग सोडला तर सारे शब्दांनी आणि नजरेने झाले. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण ‘आता माझ्या हातून काय होणार?’ हेच त्यांचे मोठे शल्य असते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी या विषयावर स्वतंत्र प्रेषितीय पत्र लिहिले. ‘साल्विफिचि दोलोरिस’ नावाचे हे पत्र ११ फेब्रुवारी १९८४ रोजी, लुर्ड्सच्या मातेच्या सणाला प्रसिद्ध झाले. पुढे १९९२ साली त्यांनी जागतिक आजारी दिन जाहीर केला आणि १९९३ पासून तो याच तारखेला पाळला जाऊ लागला. पत्राच्या शेवटच्या भागात चांगल्या शोमरोनी माणसाच्या दृष्टांतावर चिंतन आहे. तेथे पोपमहाशय असे मांडतात, की ख्रिस्ताने माणसाला दोन गोष्टी एकत्र शिकविल्या: आपल्या दुःखाने भले करणे आणि दुःखी माणसाचे भले करणे. आपण सहसा दुसरी गोष्ट निरोगी माणसांसाठी राखून ठेवतो आणि पहिली आजाऱ्यांच्या माथी मारतो. पत्रात मात्र दोन्ही प्रत्येकासाठी आहेत.

हे लिहिणाऱ्याचा स्वतःचा अनुभव त्यामागे होता. १३ मे १९८१ रोजी सेंट पीटर्स चौकात त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि ते मरणाच्या दारातून परतले. चारच दिवसांनी, १७ मेच्या रविवारी, इस्पितळातील खाटेवरून ध्वनिमुद्रित केलेल्या छोट्या संदेशात त्यांनी आपल्यावर गोळी झाडणाऱ्या ‘भावा’साठी आपण प्रार्थना करीत असल्याचे व त्याला मनापासून क्षमा केल्याचे सांगितले. २७ डिसेंबर १९८३ रोजी त्यांनी रोममधील रेबिब्बिया तुरुंगात जाऊन त्या तरुणाची भेट घेतली. त्यानंतर सात आठवड्यांच्या आत हे पत्र निघाले.

परंतु गोळीबार आणि तुरुंग हे आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला येत नाहीत. आपल्या वाट्याला येते ती लांबलेली दुखणी, रात्रीचा खोकला आणि भेटायला येणाऱ्यांचा कंटाळा. त्यासाठी लिजूच्या संत तेरेजाकडे जावे. २ व ३ एप्रिल १८९६ च्या दरम्यानच्या रात्री, पवित्र गुरुवार संपून शुभ शुक्रवार सुरू होत असताना, तिला क्षयामुळे पहिल्यांदा रक्ताची गुळणी आली. लवकरच, त्याच पुनरुत्थानकाळात, तिच्या मनावर श्रद्धेचा गडद अंधार पसरला आणि तो अखेरपर्यंत निवळला नाही. म्हणजे शरीराची व्याधी आणि आत्म्याची रात्र, दोन्ही एकदमच. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ती देवाघरी गेली.

१८९७ च्या जूनमध्ये वरिष्ठांच्या आज्ञेवरून ती आपल्या आठवणींचा शेवटचा भाग लिहीत होती. मठाच्या बागेत चाकांच्या खुर्चीत बसून ती वही उघडी. विषय होता बंधुप्रेम. आणि त्या प्रेमाविषयी चार ओळी लिहाव्यात तोच गवत कापणाऱ्या भगिनींपैकी कोणीतरी तिला विरंगुळा मिळावा म्हणून गप्पा मारायला थांबे. एक गेली की दुसरी येई. कोंबड्या, बदके, डॉक्टरांची भेट, सगळे विषय होत. हे सारे तेरेजाने वहीतच मिस्कीलपणे नोंदविले आहे. व्यत्यय येणार हे धरूनच चालायचे आणि येणाऱ्या भगिनीचे हसून स्वागत करायचे, हा तिने काढलेला तोडगा. ताप आलेला, दम लागलेला, वेळ थोडा उरलेला आणि तरी वही मिटून समोरच्या गप्पिष्ट भगिनीकडे चेहरा करायचा! ज्यांनी घरात दीर्घ आजार पाहिला आहे त्यांना याची किंमत कळेल. काही दिवसांनी तिला टाक धरवेना, तेव्हा शेवटची पाने तिने पेन्सिलीने लिहिली.

तिच्या अखेरच्या दिवसांतील आणखी एक आठवण तिच्या जवळच्या भगिनींनी सांगितलेली आहे, ती कमी परिचित आहे. असह्य वेदना होत असताना तिने बजावले, की अशा रुग्णाजवळ विषारी औषधे ठेवू नका. एवढ्या यातनेत माणसाचे भान सुटू शकते. आपल्या यातनेतून तिने पुढच्या, न पाहिलेल्या रुग्णांचा विचार केला. शिवाय निराशेच्या टोकाला गेलेल्या माणसाला तिने दोष दिला नाही, त्याला समजून घेतले. ज्यांच्या घरात कोणी मानसिक आजाराने ग्रस्त आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे. नैराश्य हा आजार आहे, त्याला डॉक्टरांचे उपचार लागतात. अशा माणसाकडून मायेच्या वागण्याची अपेक्षा धरून त्याच्या मनावरचे ओझे वाढवू नये. त्याने सकाळी उठून तोंड धुतले, हेही त्या दिवशीचे मोठे काम असू शकते.

आपल्या देशातील दोन उदाहरणे येथे द्यावयास हवीत. धन्य राणी मारिया या मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संस्थेच्या धर्मभगिनी. मध्य प्रदेशातील उदयनगर भागात भूमिहीन आदिवासींना सावकारी जाचातून सोडविण्याचे काम त्या करीत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, भोसकून त्यांची हत्या करण्यात आली. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ साली राखी पौर्णिमेच्या सुमारास राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, त्याच संस्थेच्या सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याला राखी बांधून भाऊ मानले. त्यांच्या वृद्ध आईनेही त्याची भेट घेऊन त्याच्या हातांचे चुंबन घेतले. माझ्या लेकीचे रक्त या हातांना लागले आहे, हा त्यामागचा भाव. कुटुंबाच्या विनंतीमुळे त्याची मुदतीपूर्वी सुटका होण्यास साहाय्य झाले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना धन्य घोषित करण्यात आले.

१९९५ आणि २००२ या दोन सालांमधील सात वर्षांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी कोणी राखी घेऊन गेले नव्हते. शोकाला त्याचा वेळ लागतो. ताज्या जखमेच्या माणसाला ‘क्षमा केलीस का?’ असे विचारणे ही त्याच्यावर केलेली दया नव्हे.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातील तुरुंगाचे आहे. झारखंडमध्ये आदिवासींसाठी आयुष्य वेचणारे येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली व नवी मुंबईच्या तळोजा कारागृहात ठेवण्यात आले. वय ८३, कंपवातामुळे हात थरथरत, पेला धरवत नसे. तेथून त्यांनी सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांत स्वतःच्या हालांपेक्षा इतरांविषयी अधिक आहे. कोण मला भरवतो, कोण अंघोळ घालतो, कोण कपडे धुतो व गुडघे चोळून देतो हे ते कृतज्ञतेने लिहितात. ही माणसे फार गरीब घरची आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा असे सांगतात. आपल्यावर कोणता आरोप आहे हेही ज्यांना ठाऊक नाही आणि जे वर्षानुवर्षे कच्च्या कैदेत आहेत, अशा गरिबांची व्यथा ते मांडतात. खटला उभा राहण्यापूर्वीच, ५ जुलै २०२१ रोजी, वांद्रे येथील होली फॅमिली इस्पितळात त्यांचे निधन झाले. त्या कोठडीत दया करणारा कोण आणि घेणारा कोण, हे वेगळे करता येत नाही. थरथरणारे हात दुसऱ्याच्या हाती देणे, त्याचे उपकार मोकळ्या मनाने स्वीकारणे आणि त्याची आठवण प्रार्थनेत ठेवणे हेही वृद्धापकाळातील मोठे दयाकृत्य आहे. ‘मला कुणाचे काही नको’ म्हणून ताठ राहणारे आजारी घरच्यांना किती दमवतात, हे सुनांना विचारावे.

तेव्हा ‘मी दुसऱ्यांचे काय पाहू?’ या प्रश्नाकडे परत येऊ. जे करता येते ते बहुधा लहान असते. डायलिसिसच्या खोलीत पलीकडच्या खाटेवर पहिल्यांदाच आलेल्या, भेदरलेल्या माणसाला ‘सुई टोचेपर्यंतच दुखते’ एवढे सांगणे. रात्रभर जागलेल्या मुलाला ‘आता तू पड’ म्हणणे. खेकसलो तर सायंकाळच्या रोझरीआधी बायकोची माफी मागणे. वेदना अर्पण करताना कुणाचे तरी नाव घेऊन अर्पण करणे. भाविक आमच्याकडे मिस्सेसाठी हेतू देतात, तशी नावांची चिठ्ठी उशाखाली ठेवणाऱ्या आजीबाई आम्ही पाहिल्या आहेत. शेजारच्या लग्नाला जाववत नसेल तर जाऊ नये. आठवड्याभराने नवदांपत्याला घरी बोलावून चहा द्यावा, आणि डोळे भरून आले तर येऊ द्यावेत.

आणि जे धडधाकट आहेत त्यांनी आजाऱ्याच्या घरी जाताना दहा मिनिटांत उठावे. तेरेजाच्या बागेतील त्या भगिनी प्रेमळच होत्या. परंतु तिची वही अर्धीच राहत होती.